मदत हवी आहे : बेल मंजूर होऊन महिना उलटला, पोरगा अजून आतच

नमस्कार मंडळी. कोर्टकचेरीची माहिती असणाऱ्यांनी कृपया वाचा.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा मुलगा शिवडीच्या बाजूला एका गोदामात हमालीला होता. तिथून तांब्याच्या वायरची रिळं गेली. मालकाने कामावरच्या तिघांची नावं दिली, त्यात हा. न्याय संहितेचं कलम ३०६ लागलं, म्हणजे नोकराने मालकाकडे केलेली चोरी. त्याने केली की नाही ते कोर्ट ठरवेल, त्या वादात मी शिरत नाही. चार्जशीट झालं आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी जामीनही दिला: पंचवीस हजारांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. पोरगा मात्र अजून तुरुंगात, कारण जामीनदार मिळत नाही.

मावशी मूळच्या जालन्याकडच्या. मानखुर्दला भाड्याची खोली, लाइट बिल घरमालकाच्या नावावर, रेशनकार्ड गावचं. ओळखीपाळखीचे सगळे नाक्यावर उभे राहणारे नाहीतर धुणीभांडी करणारे, पगाराची स्लिप आणायची कोणाची? गावाहून त्यांचा भाऊ सातबारा, आठ-अ, आधार असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रीच्या गाडीने आला. क्लार्कने सातबारा उलटासुलटा पाहिला आणि "मुंबईतला माणूस आणा, सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) आणा" एवढं म्हणून परत केला. लेखी काही नाही. जामीन होईपर्यंत फोन उचलणारे वकील आता उचलत नाहीत. मावशी पोळ्या लाटता लाटता विचारतात, "ताई, बेल झाली म्हनतेत, मंग पोरगं घरी का येईना?" काय सांगू?

त्यात कोर्टाबाहेर टपरीवर एक गृहस्थ भेटले. "सहा हजार द्या, दुपारपर्यंत शुरिटी उभी करतो, कागदपत्रं आपली." मावशी व्याजाने पैसे काढायला निघाल्या होत्या, मी सध्या थोपवून धरलंय. माझ्या नावावर फ्लॅट आहे, नोकरी आहे. मी स्वतः जामीन राहिले तर नेमकी कशात अडकेन? घरून कडाडून विरोध आहे. आणि गावच्या माणसाचा जामीन खरंच चालत नाही का?

गिरणगावकर :
थोपवलंत ते फार बरं केलंत. असले भाडोत्री जामीनदार एकच रेशनकार्ड घेऊन कोर्टाकोर्टांतून फिरतात. कागद बोगस निघाले तर जामीन जातो आणि वर बनावट दस्तऐवजाचं प्रकरण. पोरगा चोरीच्या केसमध्ये आहे, मावशी कशाला त्यात?

पापभीरू :
ताई, स्पष्ट बोलतो, राग नसावा. जामीन राहू नका. आमच्या काकांनी मित्रासाठी सही केली, मित्र परागंदा. मग नोटिसा काकांच्या दारात. भलेपणाला मर्यादा असते.

निवृत्त शिरस्तेदार :
हयात कोर्टात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही जामीन राहू शकता. मुलगा तारखेला हजर राहिला नाही तर बंधपत्र (तुम्ही सही केलेलं हमीपत्र) जप्त होतं आणि कोर्ट तुम्हाला कारणे दाखवा नोटीस काढतं. समाधान झालं नाही तर रक्कम दंडासारखी वसूल करतात. वसूलच होत नसेल तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पण थोडी रक्कम माफ करायचा अधिकारही कोर्टाला आहे, आणि मधेच भरवसा उडाला तर अर्ज करून मोकळं होता येतं. थोडक्यात, पंचवीस हजारांची जोखीम. चोरीचा गुन्हा तुमच्या माथी येत नाही. पापभीरूंच्या काकांना त्रास झाला असेल, तो खोटा नाही. पण मुलगा कुठे राहतो, त्याची आई कोण, हे तुम्हाला माहीत आहे. याआधी किती जणांना जामीन राहिलात ते मात्र लिहून द्यावं लागतं.

तरी माझं मत, सही करायच्या आधी दुसरी दारं ठोठवा. क्लार्कचं तोंडी "नाही" म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल वकिलाला दाखवा. तो गवंडी होता. सुप्रीम कोर्टाने त्याला जामीन दिला, तर खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. अगदी तुमच्या जालन्यासारखं. गडी पुन्हा सुप्रीम कोर्टात! न्या. कृष्ण अय्यर यांनी हा प्रकार मोडीत काढला आणि हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. इतकी वर्षं झाली, खिडकीवर अजून "मुंबईचा माणूस आणा" चालूच आहे, याचं मला नवल वाटत नाही, लाज वाटते.

३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने यावर पुन्हा निर्देश दिले. जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) कळवायचं. महिन्यात बंधपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं कारण असल्याचंही त्यात आहे. तुमचा महिना उलटलाच आहे.

तेव्हा त्याच कोर्टात अर्ज टाका: रक्कम कमी करा, गावचा जामीनदार स्वीकारा, नाहीतर जामीनदाराऐवजी रोख भरू द्या. मुंबईच्या कोर्टांत काही आठवड्यांपुरता रोख जामीन देऊन नंतर जामीनदार आणायची मुभा सर्रास मिळते. वकील फोन घेत नसतील तर सोडा त्यांना. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. तिथेच गरीब कैद्यांच्या केंद्रीय योजनेचंही विचारा. २०२३ मध्ये ती आली तेव्हा जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत तरतूद होती.

चिकित्सक :
एक शंका. शिक्षेचा काही भाग काढला की कच्च्या कैद्याला (खटला अजून चालू असलेल्याला) सोडतात ना?

निवृत्त शिरस्तेदार :
हो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश. पण ३०६ ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे दोन वर्षं चार महिने. इतकं थांबायचं कशाला?

गिरणगावकर :
थांबलेलेही आहेत हो. बिहारचा रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि तुरुंगाबाहेर आला १९८२ मध्ये. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने भरपाई दिली, पण चौदा वर्षं गेली ती गेलीच.

धागाकर्ती :
शिरस्तेदारकाका, कुठल्या शब्दांत आभार मानू? १५१०० वर बोलले. त्यांनी आदेशाची नक्कल आणि मुलाचा कैदी क्रमांक घेऊन यायला सांगितलंय. आधी रोख जामिनाचा अर्ज, तो फेटाळला तर मी सही करणार. घरच्यांना हा धागाच वाचायला दिलाय, विरोध थोडा मवाळ झालाय. मावशींनी मामाला पुन्हा बोलावलंय, सातबाऱ्याची ताजी प्रत घेऊन. एक राहिलं: अर्ज मंजूर झाला की त्याच दिवशी सोडतात का?

निवृत्त शिरस्तेदार :
पैसे भरून सुटकेचा आदेश निघेपर्यंत दुपार टळते. तो आदेश तुरुंगात वेळेत पोचायला हवा. आर्थर रोडला २०२१ मध्ये एका बड्या नटाच्या मुलाचा आदेश साडेपाचच्या आत तुरुंगाच्या जामीनपेटीत (सुटकेचे आदेश टाकायची पेटी) पडला नाही, तर त्यालाही ती रात्र आतच काढावी लागली. म्हणून वकिलाला सांगा, सकाळच्या सत्रातच अर्ज पुकारून घ्या. सुटकेच्या आदेशात मुलाचं नाव, बापाचं नाव, केस नंबर आरोपपत्राशी ताडून बघा. एका अक्षराचा फरक असला तरी तुरुंगातून कागद परत येतो.