मदत हवी आहे: पायथनने फाइल ४००० बाइटवर कापली की शेवटचं अक्षर तुटतं

नमस्कार मंडळी,
मराठी तक्रारअर्जांच्या टेक्स्ट फाइली ओरॅकल डेटाबेसच्या टेबलात भरतोय. रकाना व्हारचार२चा (मजकूर साठवायचा प्रकार), मर्यादा ४००० बाइट. (ओरॅकलच्या १२सी आवृत्तीपासून ती ३२७६७ पर्यंत वाढवता येते, माहीत आहे. डेटाबेसवाले ऐकत नाहीत.) पूर्ण अर्ज वेगळा जपलेला असतो, इथे फक्त सुरुवातीचा भाग हवा.

फाइलीची नक्कल करून तिच्यावर ट्रंकेट (फाइल दिलेल्या आकारावर कापणारी आज्ञा) चालवतो. आकार बरोब्बर ४००० येतो, पण बऱ्याच फाइलींच्या शेवटी काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह दिसतं आणि परत वाचताना युनिकोड डिकोड एरर (बाइटांचं अक्षरांत रूपांतर म्हणजे डिकोड होत नाही) येते. ३९९९ केलं तर काही सुधारल्या आणि चांगल्या होत्या त्यातल्या काही बिघडल्या. इंग्रजी फाइलींना काहीच होत नाही. पायथन ३, विंडोज.

प्रतिसाद १
ट्रंकेट बाइट मोजतं, अक्षरं नाही. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही सगळी वेगळी चिन्हं. ‘स्त्री’ दिसायला एक अक्षर, आत ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. स्पेस मात्र १ बाइटाची. त्यामुळे काप कुठे पडेल हे त्या फाइलीतल्या स्पेसांवर ठरतं, कुठलाही ठरावीक आकडा चालणार नाही.

फाइल बायनरी मोडमध्ये (म्हणजे थेट बाइट) उघडा, ४००० बाइट वाचा, डिकोड करताना एरर्स या पर्यायाला इग्नोर (चुका सोडून दे) द्या. अर्धवट शेपूट गळून पडेल. लिहितानाही बायनरीच ठेवा, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नव्या ओळीला एक बाइट वाढतो आणि पुन्हा ४०००च्या वर जाल.

प्रतिसाद २
इग्नोर नको. मधेच फाइल खराब असेल तर तेही गुपचूप गिळतं. पायथनच्या कोडेक्स मॉड्यूलमधला इन्क्रिमेंटल डिकोडर (तुकड्यातुकड्याने डिकोड करणारा) घ्या, फायनल फॉल्स ठेवून (म्हणजे हा शेवटचा तुकडा नाही असं सांगून). तो शेवटचं अपुरं चिन्ह राखून ठेवतो आणि मधल्या खराबीवर ओरडतो. आणखी एक: ४०००पेक्षा लहान फाइलीवर ट्रंकेट चालवलंत तर ती ४०००पर्यंत फुगते, उरलेली जागा ‘शून्य’ किमतीच्या बाइटांनी भरते. आधी आकार तपासा.

धागाकर्ता
डिकोडर चालला, आभार! एरर गेली. पण एका अर्जाचा शेवट ‘विद्’ असा आलाय, दुसऱ्यात ‘पाणी’चं ‘पाण’ झालंय. शेवटच्या स्पेसपर्यंत मागे जाऊ का?

प्रतिसाद ३
स्पेसवर अजिबात थांबू नका, तक्रारअर्ज आहेत हे! मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘मी तक्रार मागे घेतलेली नाही’मधला ‘नाही’ कापला गेला की टेबलात उलटंच नोंदलं जाईल. आरफाइंडने (शेवटाकडून शोधणारं फंक्शन) शेवटचा पूर्णविराम शोधा आणि तिथे कापा. पूर्णविराम सापडलाच नाही तरच स्पेसवर या, आणि पुढे तीन टिंबांचं चिन्ह जोडा म्हणजे मजकूर तोडलाय हे कळेल. ते चिन्हही ३ बाइटांचं असतं, तेव्हा त्या वेळी ३९९७वर कापायचं.

धागाकर्ता
हे डोक्यातच आलं नव्हतं. फक्त अर्जांत ‘मा.’, ‘श्री.’, ‘रु.’, ‘ता.’, ‘जि.’ यांचा सुकाळ असतो, तिथेही पूर्णविराम सापडणार.

प्रतिसाद ३
यादी करून ते वगळा, आणि त्याआधीचा पूर्णविराम घ्या. यादीत ‘क्र.’ आणि ‘दि.’ विसरू नका.