विंडो बाणांनी लावायच्या की ऑल्ट-टॅब बरं? सेवा केंद्रवाल्यांनी बोलावं

रेणापूरचा ऑपरेटर
नमस्कार मंडळी. पीक विम्याच्या दिवसांत दारात रांग असते आणि आपण एकाच स्क्रीनवर सातबारा उघडायचा, मिनिमाइज करायचा, अर्ज उघडायचा, परत सातबारा. या येरझाऱ्यात दोन वर्षांमागं माझ्या हातून एका मामांचं क्षेत्र 0.81 हेक्टरच्या जागी 0.18 पडलं. दोन एकर रानाचं अर्धा एकरही राहिलं नाही. पावती वाचून त्यांनीच पकडलं म्हणून निभावलं. मला रात्रभर झोप नव्हती.

तेव्हापासून सातबाऱ्यावर क्लिक करतो, विंडोजचं बटण दाबून धरतो आणि डावा बाण. पीडीएफ डाव्या अर्ध्यात बसते. विंडोज दहा-अकरात उरलेल्या जागेत बाकीच्या विंडो छोट्या होऊन दिसतात, त्यातला अर्ज निवडायचा. नजर गट नंबरवर, बोटं अर्जात. 2009 च्या विंडोज सातपासून ही सोय आहे, तरी निम्म्या केंद्रांवर लोक माऊसनं कोपरे ओढत बसलेले दिसतात. नवा पोरगा ठेवला की त्याला पहिल्याच दिवशी हे शिकवा, असं माझं ठाम मत आहे.

जिंतूरकर
नाही पटलं. माझ्या लॅपटॉपची रुंदी 1366 पिक्सेल, अर्धी केली की 683. तेवढ्यात वेबसाइट मोबाइलसारखी होते, मेनू तीन रेघांत जातो. एकदा तर 'जतन करा'चं बटणच सापडेना, आणि समोर माणसं ताटकळलेली.

मी दोन्ही विंडो पूर्ण मोठ्या ठेवतो. ऑल्ट-टॅब एकदा दाबलं की शेवटच्या दोन विंडोंत अदलाबदल होते. अक्षरं मोठी राहतात, आणि पन्नाशीनंतर ते लई महत्त्वाचं आहे. तुमची चूक बाण न वापरल्यामुळं झाली नाही, वाचून न दाखवल्यामुळं झाली. मी सबमिट करायच्या आधी गट नंबर आणि क्षेत्र मोठ्यानं वाचतो. शेतकरी 'हाव' म्हणल्यावरच पुढं.

रेणापूरचा ऑपरेटर
वाचून दाखवायचं एकदम पटलं, उद्यापासून करतो. पण ऑल्ट-टॅबमध्ये आकडा डोक्यात धरून पलीकडं न्यावा लागतो, आणि तो उलटा होतो तो तिथंच. माझा झालाच ना.

रुंदीचं म्हणाल तर क्रोममध्ये अर्जावर कंट्रोल आणि वजा चार वेळा दाबा. झूम 67 टक्के होतो, वेबसाइटला हजारभर पिक्सेल मिळाल्यासारखं वाटतं आणि बटण जागेवर येतं. मधली कडा ओढून अर्जाला जास्त जागाही देता येते.

अंबाजोगाईहून
एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. आमच्या पोरानं सातबारा आणि अर्ज एकाच क्रोममध्ये दोन टॅबला उघडले होते. बाण दाबला की दोन्ही मिळून डावीकडं. बिचारा कीबोर्ड बदला म्हणायला. आधी एक टॅब ओढून वेगळी विंडो करावी लागते, शिकवताना इथूनच सुरुवात करा.

बाकी मी म्हणते, जुना का होईना दुसरा मॉनिटर लावा. विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबलं की विंडो पलीकडच्या स्क्रीनवर जाते. अर्धं-अर्धं करायची गरजच नाही.

जिंतूरकर
ताई, आमच्याकडं लाइट गेली की राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर कसेबसे तग धरतात, त्यात अजून मॉनिटर कुठं लावू?

67 टक्के आत्ता करून बघितलं. बटण दिसलं, हे मान्य. पण मी टाकलेला आकडा 3 आहे का 8, हे चष्मा लावूनही कळंना. अशा अर्जावर मी सबमिट दाबणार नाही. माझं ऑल्ट-टॅबच राहील. संध्याकाळी मुलगी बसते केंद्रावर, तिचे डोळे चांगले आहेत. तिला बाण दाखवतो आज.