मुलींच्या निकालाला मथळा काय द्यावा?

प्यादं_पुढे: जिल्हा बुद्धिबळाच्या पेजसाठी लिखाणाचे नियम ठरवायचेत. मुलांच्या निकालाखाली चालींवर वाद रंगतो, मुलींच्या निकालाखाली केस, ड्रेस, हसू. मथळ्यातच चुकतं का? कमेंट कशा आवरायच्या?

अडीच_घरं: मथळ्यातच. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधली वाइक आन झीची स्पर्धा संपल्यावर नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुखने जाहीर लिहिलं होतं, की प्रेक्षक डाव सोडून कपडे, केस, उच्चार यांवरच बोलतात. वय १८. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला. अशा वेळी हाताला आधी येतं ते 'नागपूरची लेक' नाहीतर 'पटावरची राणी'. अहो, मराठी पटावर राणी असते कुठे? वजीर असतो! लिहायचं ते हे: अंतिम फेरीत भारताच्याच कोनेरू हंपीविरुद्ध दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही (कमी वेळेचा डाव) बरोबरीत, दुसरा काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. २.५–१.५.

आर्बिटर_काका: किताब नीट लिहा. त्या विजयाने ती 'ग्रँडमास्टर' झाली. 'महिला ग्रँडमास्टर' हा वेगळा, खालचा किताब, तो तिच्याकडे आधीच होता. त्याला रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) २३०० लागतं, ग्रँडमास्टरला २५००; शिवाय दोन्हींना तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांत त्या किताबाच्या दर्जाची कामगिरी. विश्वचषक जिंकल्याने तिला किताब थेट मिळाला. 'महिला' हा एक शब्द जास्त पडला की बातमीच उलटी. 'जगज्जेती'ही नको, विश्वचषक आणि जगज्जेतेपद वेगळं; ते पद तेव्हा चीनच्या जू वेनजूनकडे होतं.

काळा_उंट: फोटोबद्दल. पहिलं चित्र निर्णायक स्थितीचं, दुसरं खेळाडूचं, त्यातही पट आणि घड्याळ दिसू द्या. पुष्पगुच्छाचा फोटो शेवटी. खाली विचारा, 'इथे काळ्याने काय खेळावं?' लोकांना उत्तर द्यायला काहीतरी लागतं, नाहीतर ते चेहऱ्यावर घसरतात.

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये लपवायच्या शब्दांची यादी देता येते. प्रत्येक शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीच्या तीन-चार स्पेलिंगांत टाका, इमोजीही. फक्त 'सुंदर' टाकू नका, 'सुंदर बलिदान, हत्ती दिला!' हेही गायब होईल. खेळाडू १८च्या आतली असेल तर सरळ कमेंट बंद.

प्यादं_पुढे: नावाचं काय? मुलगे 'कुलकर्णी', 'पाटील' आणि मुली 'सई', 'जुई' असं झालंय.

आर्बिटर_काका: पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे दोघांचंही आडनाव. एकाच डावात दोन पाटील आले तर दोघांचीही पूर्ण नावं.