प्रति: ७२ नंबरचं पेटंट

एली व्हिटनीच्या सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट ७२ नंबर टाकून शोधलं तर भलतंच काहीतरी येतं, अशी इथे एकाची तक्रार आहे. येणारच. ते नुसतं ७२ नाही, 'एक्स ७२' आहे. अमेरिकेत १७९० पासून पेटंटं दिली जात होती, पण नंबर नव्हते. नाव आणि तारीख, बस्स. जुलै १८३६ मध्ये नव्या कायद्याने १ पासून मोजणी सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात पेटंट ऑफिस जळालं. सुमारे दहा हजार पेटंटांची कागदपत्रं खाक. लोकांकडच्या प्रतींवरून २८०० च्या आसपास परत उभी केली. जुन्यांना मागाहून तारीखवार एक्सचे नंबर दिले. मध्येच एखादं घुसवायचं तर चक्क अपूर्णांक! कारकुनी डोकं सगळीकडे सारखंच.

त्यामुळे नंबर आहे म्हणजे कागद असेलच असं नाही. सॅम्युअल मोरीचं १८२६ चं इंजिनाचं पेटंट (एक्स ४३७८) २००४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या दप्तरात सापडलं, सोबत आणखी तेरा. नंबरचा नाद सोडा, व्हिटनीचं नाव आणि त्याच्या पेटंटाची १४ मार्च १७९४ ही तारीख टाकून बघा.