हिवाळ्यात सूर्य ‘लांब जातो’ असे सांगू नये

हिवाळ्यात सूर्य आपल्यापासून लांब जातो म्हणून थंडी पडते, असे लहान मुलांना सांगावे, ही सूचना सोयीची असली तरी मला ती मान्य नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला येते आणि त्याच वेळी उत्तर गोलार्धात ऐन हिवाळा असतो; जुलैत हे अंतर सुमारे १५.२ कोटी किलोमीटर होते.

खरे कारण पृथ्वीच्या अक्षाचा सुमारे २३.५ अंशांचा कल हे आहे, परंतु पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे तो शब्द लगेच आणण्याची घाई नको (तो मोठ्यांनाही सहजी उमगत नाही). त्याऐवजी मोकळ्या जागी एक काठी उभी रोवावी आणि दर महिन्याला भर दुपारी, सावली सर्वांत आखूड असताना, तिच्या टोकाशी खडूने खूण करायला मुलांना सांगावे. हिवाळा जवळ येतो तशा या खुणा काठीपासून दूर सरकतात, म्हणजे दुपारचा सूर्य खाली उतरत चालला आहे, हे मुले स्वतःच ओळखतात. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदावर सरळ धरावा आणि हळूहळू तिरपा करावा. लहानसा लख्ख गोल पसरून लांबट व फिकट होतो. तिरप्या उन्हाची ऊब कमी का, हे तेवढ्यात कळते.

थंडीत तोंडातून ‘धूर’ का निघतो, हा प्रश्नही टाळू नये. श्वासातील बाष्प गार हवेत गोठत नाही, तर त्याचे बारीक थेंब बनतात. गार आरशावर फुंकर घालून ते मुलांना बोटाने पुसून पाहू द्यावे.