आईच्या एमआरआयमध्ये मेंदूची झीज दिसते आहे; तरीही ईसीटी घ्यावी का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझी आई ७२ वर्षांची असून तिने उमेदीची सारी वर्षे प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवली. दिवाळीनंतर ती हळूहळू अबोल झाली. सुरुवातीला आम्ही वयाचा परिणाम म्हणून त्याकडे फारसे लक्ष दिले नाही, याचे आज वाईट वाटते. पुढे तिचे जेवण तुटले, आणि आता "माझ्या आतड्यांना पीळ पडला आहे, अन्न खाली उतरतच नाही" असे ती ठामपणे सांगते. सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी दोन्ही व्यवस्थित आल्या. वजन मात्र ५४ किलोवरून ४३ वर आले आहे. नैराश्यावरच्या पहिल्या गोळीने रक्तातले सोडियम उतरले म्हणून ती बंद करावी लागली आणि दुसरी गोळी पूर्ण मात्रेत सहा आठवडे देऊनही फरक पडला नाही.

आता डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला थोडी वीज देत आकडी (झटका) आणण्याचा उपचार, सुचवली आहे. त्याआधी केलेल्या एमआरआयच्या अहवालात वयानुसार मेंदूची झीज आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे उमटलेले पांढरे ठिपके, असे दोन्ही लिहिले आहे. माझे मामा म्हणतात, "आधीच आकसलेल्या मेंदूला शॉक कशाला देता?" दुसरीकडे मी असेही वाचले की ईसीटीनंतर मेंदूचा काही भाग वाढतो. यातले खरे काय मानावे? आणि ही वाढ खरी असेल, तर तीच बरे होण्याची खूण समजायची का?

मनोवैद्य

मी वृद्धांच्या मानसिक आजारांवर उपचार करतो. तुमच्या आईंना न तपासता मी निर्णय सांगू शकत नाही, परंतु तुमच्या दोन्ही प्रश्नांबद्दल जे माहीत आहे ते सांगतो.

मेंदूचा भाग वाढतो, हे खरे आहे. ईसीटीपूर्वी आणि नंतर काढलेले एमआरआय ताडून पाहिले, तर हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्याच्या कामात मोलाचा असलेला भाग, थोडा मोठा झालेला दिसतो. त्याच्या शेजारचा, भावनांशी निगडित असलेला अमिग्डाला आणि इतर भागांतही असा बदल सापडतो. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठातून चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने निरनिराळ्या देशांतील केंद्रांवरचे असे एमआरआय एकत्र तपासले, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात जितके उपचार जास्त तितकी हिप्पोकॅम्पसची वाढ जास्त असे आढळले. मात्र ज्याचा हिप्पोकॅम्पस जास्त वाढला तोच जास्त बरा झाला, असे दिसले नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये वृद्ध रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच बाजूचा आहे: वाढ दिसली, पण नैराश्य किती उतरले याच्याशी ती जुळली नाही. स्वीडनमधील एका छोट्या गटाची तपासणी पुढे सहा महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हा हा भाग जवळपास पूर्वीच्या आकारावर आलेला होता.

ही वाढ कशामुळे होते, यावर तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. उंदरांमध्ये विजेने आणलेल्या आकडीनंतर हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यात नव्या चेतापेशी तयार होताना दिसल्या आहेत आणि माकडांतही तसे आढळले. परंतु माणसात तीनचार आठवड्यांत एवढ्या भागांत दिसणारी वाढ केवळ नव्या चेतापेशींनी भरून निघेल, हे पटत नाही. पेशींच्या फांद्या, आधारपेशी, रक्तवाहिन्या आणि ऊतीतले पाणी यांचाही त्यात वाटा असू शकतो. म्हणून "मेंदू वाढतो, म्हणून ईसीटी घ्या" असे कोणी सांगितले तर ते मी मान्य करणार नाही. त्या मोजणीतून एवढे मात्र निश्चित कळते की उपचारामुळे मेंदूची ऊती नष्ट होत असल्याची खूण सापडत नाही. १९९१ पासून याच प्रश्नासाठी एमआरआय काढले जात आहेत आणि हे उत्तर बदललेले नाही.

आता झीज आणि ठिपके. ७२ व्या वर्षी असा अहवाल येणे अगदी नेहमीचे आहे, आणि तेवढ्यावरून ईसीटी नाकारली जात नाही. तरीही अहवाल बाजूला ठेवून चालणार नाही. नेदरलँड्समधील एका अभ्यासात मेंदूच्या आतल्या बाजूचा, कानशिलाकडचा भाग बराच आकसलेल्या वृद्धांमध्ये सुधारणा कमी झाली होती. पांढऱ्या ठिपक्यांचा मात्र तसा संबंध दिसला नाही. ठिपके मेंदूच्या खोलवरच्या केंद्रांत असतील तर दोन उपचारांच्या मधल्या दिवसांतही रुग्ण गोंधळलेला राहण्याची शक्यता वाढते. अशा वेळी आम्ही उपचारांमधले अंतर वाढवतो किंवा दोन्ही कानशिलांऐवजी फक्त उजव्या बाजूने उपचार देतो. झीज नेमकी कोणत्या भागात आहे आणि ठिपके कोठे आहेत, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुमच्या वर्णनातच आहे. आतडी पिळली आहेत असा भ्रम, त्यापायी तुटलेले जेवण आणि इतके घटलेले वजन, हे भ्रमासह असलेले गंभीर नैराश्य वाटते, आणि म्हातारपणी ईसीटीचा सर्वाधिक गुण येतो तो याच प्रकारात. अमेरिकेत ६० वर्षांवरील २४० रुग्णांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात उजव्या बाजूची, विजेच्या अतिशय अल्पकाळाच्या स्पंदांची ईसीटी आणि सोबत व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचे औषध दिल्यावर सुमारे ६२ टक्के रुग्ण नैराश्यातून पूर्ण बाहेर आले. ४३ किलोच्या बाईने अन्न सोडलेले असताना थांबून राहण्यातही धोका असतो, आणि तो अहवालात लिहून येत नाही.

सांजवेळ

ताई, माझ्या पत्नीला ६८ व्या वर्षी नऊ वेळा ईसीटी दिली. प्रत्यक्ष काय होते ते सांगतो, कारण भीती बहुधा न पाहिलेल्या गोष्टीची असते. आदल्या रात्रीपासून पोट रिकामे ठेवायचे. सकाळी कवळी आणि बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. भूलतज्ज्ञांनी आधी भूल दिली, मग स्नायू सैल करणारे औषध. ते देण्यापूर्वी एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून ठेवतात, म्हणजे ते औषध त्या पावलापर्यंत पोहोचत नाही आणि आकडी आली की नाही हे त्या एका पावलाच्या थरथरण्यावरून कळते. शरीराचा बाकीचा भाग जवळपास शांत असतो. पाऊण मिनिटात सर्व संपले आणि अर्ध्या तासाने ती चहा मागत होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी देण्यास मनाई केली आहे. चित्रपटांतला करकचून बांधलेला रुग्ण डोळ्यांसमोर आणू नका.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. ज्या रुग्णालयात आम्ही गेलो, तेथे आम्हाला "विसर वगैरे काही पडत नाही" असे सांगण्यात आले. ते खरे नव्हते. उपचारांच्या दोन महिने आधी आमच्या नातवाचे बारसे झाले होते. ते तिला आजही आठवत नाही. फोटोत स्वतःच्या हातातला पाळण्याचा दोर पाहून ती "ही मीच का?" असे विचारते. नवे लक्षात ठेवण्याची तक्रार महिनाभरात गेली, परंतु तो दिवस परत आला नाही. ती स्वतःच्या हाताने जेवते, स्वयंपाक करते, आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा संमती देईन. तरी ही किंमत आधी सांगायला हवी होती.

पैठणीकाठ

सांजवेळ काकांनी हे मांडले, बरे झाले. माझी शंका पुढची आहे. इतके विस्मरण होत असेल, तर आधीच झीज असलेल्या माणसाला पुढे डिमेंशिया (स्मृतिभ्रंश) लवकर गाठत नाही का?

मनोवैद्य

सांजवेळ यांचा आक्षेप अगदी रास्त आहे. उपचारांच्या आधीच्या काही आठवड्यांतील किंवा महिन्यांतील आठवणी कायमच्या जाऊ शकतात, आणि हे संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार लक्ष, विचारांचा वेग, नवे शिकणे यांत पडणारी तूट प्रामुख्याने उपचारानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत दिसते, आणि पंधरवड्यानंतर अनेक चाचण्यांत रुग्ण उपचारापूर्वीपेक्षा बरे करतात, कारण नैराश्यानेही बुद्धी मंदावलेली असते. मात्र त्या चाचण्या बारशासारख्या खासगी आठवणी मोजत नाहीत.

डिमेंशियाबद्दल डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला. नैराश्यासारख्या मनोभावांच्या आजारांच्या दीड लाखाहून अधिक रुग्णांत, ईसीटी घेतलेल्यांमध्ये डिमेंशियाचा धोका वाढलेला आढळला नाही. म्हातारपणी प्रथमच आलेले नैराश्य हे कधीकधी येऊ घातलेल्या डिमेंशियाचे पहिले लक्षण असते. त्यामुळे ईसीटीनंतर स्मृती ढासळली, तरी दोष ईसीटीचाच असेल असे नाही. म्हणून सुरुवातीलाच स्मृतीची साधी चाचणी करून लिहून ठेवावी.

कृष्णाकाठ, आणखी दोन गोष्टी. आई झोपेसाठी क्लोनाझेपामसारखी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांमुळे आकडी नीट येत नाही. आणि ईसीटी संपली म्हणजे उपचार संपले असे समजू नका. २००१ मधील एका अमेरिकन अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांना नंतर नुसती औषधासारखी दिसणारी साखरेची गोळी दिली, तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. नॉरट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचे औषध आणि मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम एकत्र दिलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर लावून मामांना आणि मला दाखवली. झीज सर्वत्र सारखी, बेताची आहे आणि खोलवरच्या केंद्रांत ठिपके नाहीत. क्लोनाझेपाम ती घेतच होती. ती हळूहळू कमी करून बंद केली. आईला स्वतःलाही समजावून विचारले. तिने बराच वेळ काही उत्तर दिले नाही, मग "माझं पोट मोकळं होणार असेल तर करा" एवढेच म्हणाली आणि सही केली.

काल पाचवी ईसीटी झाली, आठवड्यातून दोनदा, उजव्या बाजूने. वार कोणता हे तिने सकाळपासून चार वेळा विचारले. पण संध्याकाळी भाताची वाटी पुढे केल्यावर आतड्यांचा विषय निघाला नाही. तिने अर्धी वाटी भात संपवला आणि वरून लिंबाचे लोणचे मागितले. काका, तुमचे ऐकून मी एक वही केली आहे. दिवाळीपासूनचे घरातले सारे प्रसंग, कोण आले, काय झाले, ते तारखेनिशी त्यात लिहून ठेवते आहे आणि जमतील तेथे फोटो चिकटवते आहे. मनोवैद्य, पुढच्या गोळ्या ठरवताना तिचे सोडियम पूर्वी उतरले होते, हे लिथियमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे का?

मनोवैद्य

हो, अतिशय. सोडियम कमी झाले की लिथियम शरीरात साठते. लिथियमचा विचार होण्यापूर्वी सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी) आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा.