काळ्या रानात बंदूक दुरुस्तीचं वर्कशॉप बांधायचंय : पाया, ओल आणि परवाना याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, आता अण्णा (वडील) आणि मी बघतो. जुन्या पेठेतली जागा भाड्याची आहे. मालकांना तिथं तीन मजली बांधायचंय, त्यामुळं दिवाळीपर्यंत खाली करून द्यायची आहे. गावापासून चार किलोमीटरवर, रस्त्याला लागून आमचं वावर आहे, तिथं वीस बाय तीसचं पक्कं वर्कशॉप बांधायचं ठरवलंय. आयुष्यात एकदाच होणारं काम आहे, म्हणून गवंड्याला इसार देण्याआधी इथं विचारतोय.

आम्ही बंदुका बनवत नाही आणि विकतही नाही, फक्त दुरुस्ती करतो. बारा बोरच्या एकनळी-दुनळी सगळ्यात जास्त येतात. गिऱ्हाईक म्हणजे बँकांचे आणि साखर कारखान्यांचे गार्ड, रिटायर फौजी, रानडुकरांच्या त्रासापायी परवाना काढलेले शेतकरी. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळं बंदुका कमी झाल्या, पण ज्या राहिल्या त्या जुन्या आहेत आणि त्यांना हात लावणारा माणूस जवळपास उरलेला नाही. म्हणून हे काम बंद करायचं नाही, असं आमचं दोघांचंही मत आहे.

पहिली आणि मोठी अडचण जमिनीची. वावर चांगलं काळं आहे. विहीर खोदताना सात-साडेसात फुटांपर्यंत काळंच निघालं, मग मुरूम लागला. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी, आमच्या बांधाजवळच्या भेगेत मी तुराटी सोडली तर ती सगळी आत गेली होती. तीच जमीन आषाढात फुगून वर येते. शेजारच्या आप्पांनी दोन फूट पाया घेऊन गोडाऊन बांधलं, पहिल्याच पावसाळ्यानंतर खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा गेल्या आणि दार चौकटीत अडकायला लागलं. गोडाऊनमध्ये सोयाबीनची पोती असतात, त्यांना भेगेचं काही नाही. माझ्याकडं सहा फुटी लेथ (लोखंडाचा दांडा फिरवत ठेवून कापायचं यंत्र) आहे. तिच्याखालची जमीन एका कोपऱ्यात जरा जरी उचलली तरी तिच्या बेडला (खालच्या लांब बैठकीला) पीळ बसतो आणि सरळ कापायला घेतलेला दांडा टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता निघतो. बंदुकीच्या कामात तेवढा फरक चालत नाही.

गवंडी म्हणतो चार फूट खोदून मुरूम भरू, बस झालं. तालुक्याचे इंजिनिअर म्हणतात खाली फुगवटा असलेले पाईल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) घ्या. खर्चात चांगलाच फरक आहे. काळ्या रानात कुणी मशीन बसवलंय का? किती वर्षं झाली, लेव्हल टिकली का, एवढं तरी सांगा.

भूकंपाचाही विचार करायचाय. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं माळवद कसं माणसांच्या अंगावर आलं, हे आमच्या घरात आजही बोललं जातं. त्यामुळं दगडी भिंत नको, एवढं आईनं निक्षून सांगितलंय.

दुसरी गोष्ट ओल. आपल्याकडं हवा कोरडी म्हणतात, पण श्रावण-भादव्यात जे दमट दिवस येतात त्यात उघडं लोखंड रात्रीत लाल पडतं. मागच्या निवडणुकीत आचारसंहितेमुळं बंदुका ठाण्यात जमा झाल्या होत्या. परत मिळाल्यावर एक आजोबा त्यांची दुनळी तशीच आमच्याकडं घेऊन आले. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली होती. नळीवर गोणपाटाच्या विणीचे चौकोन जसेच्या तसे गंजानं उमटले होते. आजोबा काही बोलले नाहीत, नुसतं बोटानं ते चौकोन चाचपत बसले. अण्णांनी आठ दिवस बारीक स्टील वूल (लोखंडी तारेची लोकर) आणि तेल घेऊन तो गंज उतरवला. तरी हात फिरवला की खड्डे लागतात. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना तिचं असं होऊ नये, माझी सगळी धडपड त्यासाठी आहे. बंदुका ठेवायची खोली कशी कोरडी ठेवू?

तिसरी गोष्ट उजेड. अण्णा नळी सरळ आहे का हे कुठल्या यंत्रावर बघत नाहीत. नळी साफ करून डोळ्याला लावतात आणि खिडकीकडं धरतात. खिडकीच्या आडव्या गजाची सावली नळीत रेघेसारखी पडते. नळी हळूहळू फिरवत जायची, रेघ सरळ राहिली तर नळी सरळ, कुठं मोडली किंवा वळली तर तिथं बाक आहे. आतल्या उजेडाची कडी एकमेकांत नीट बसलेली दिसली पाहिजेत. पेठेतल्या दुकानात उत्तरेची खिडकी आहे आणि चाळीस वर्षं त्यांची नजर त्या खिडकीला सरावलेली आहे. नव्या जागी उत्तरेलाच नेमका रस्ता येतो. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीनं बरं नाही, असं मला वाटतं. अण्णांना मात्र ट्यूबलाईट चालत नाही. ते आता अडुसष्टचे आहेत.

परवान्याचं आधी करू की बांधकाम आधी? आणि याच लेथवर मोटारीचे शाफ्ट, पंपाचे बुश असं शेतकऱ्यांचं काम घेतलं तर चालेल का? नुसत्या बंदुकांवर आता घर चालत नाही.

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

प्रतिसाद, परभणीहून :

भाऊ, माझं लेथचं वर्कशॉप काळ्या रानातच आहे, अकरा वर्षं झाली. गवंड्याचं ऐकू नका. चार फुटांवर काळं संपत नाही, म्हणजे तुमचा पाया फुगणाऱ्या मातीतच बसणार. पाईल किमान साडेतीन मीटर खाली गेले पाहिजेत, खालचा फुगवटा दांड्याच्या साधारण अडीच पट रुंद. ही पद्धत रुडकीच्या इमारत संशोधन संस्थेनं अशाच जमिनीसाठी बसवून दिलेली आहे. प्लिंथ बीम (जोत्याची काँक्रीटची तुळई) मातीवर टेकवू नका, खाली पोकळी सोडा, नाहीतर माती फुगली की बीमच उचलते. प्लिंथ, लिंटल (दार-खिडक्यांच्या वर) आणि छताखाली अशा तीन सलग काँक्रीट पट्ट्या घ्या, म्हणजे भूकंपाचीही सोय होते.

लेथचं फाउंडेशन घराच्या फरशीपासून वेगळं ठेवा. खालचं काळं काढून, न फुगणारा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करा, त्यावर जाळी टाकून काँक्रीट. फरशी आणि फाउंडेशनमध्ये बोटभर फट राहू द्या. बाहेरून घराभोवती चार-पाच फुटांची फरसबंदी उताराची करा, पागोळ्यांचं पाणी भिंतीशी मुरता कामा नये. झाडही जवळ लावू नका, मुळं पाणी ओढतात आणि तेवढ्याच भागातली जमीन बसते. माझ्याकडं एक लिंब होता, तो तोडताना जीव तुटला, पण तोडला. लेथची लेव्हल दरवर्षी दोनदा बघतो, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर.

प्रतिसाद, बीडहून :

ओलीबद्दल. नवं काँक्रीट आणि प्लास्टर कितीतरी महिने पाणी सोडत असतं. उन्हाळ्यात बांधून लगेच पहिल्या पावसाळ्यात त्या खोलीत बंदुका ठेवल्या तर गंज धरणारच. एक पावसाळा आणि पुढचा हिवाळा खोली उघडी-बंद करत वाळू द्या.

कपाट भिंतीला आणि जमिनीला चिकटवू नका. आत खालच्या बाजूला लहानसा बल्ब चालू ठेवला की कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम राहते आणि दव धरत नाही. सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की तापवून परत वापरा. कातड्याच्या म्यानात किंवा लोकरीच्या कव्हरात बंदूक कधीच ठेवायची नाही, ती ओल धरून ठेवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं : गंज काढायचं आम्ल आणि इन्व्हर्टरची बॅटरी त्या इमारतीत नकोच, बाहेर पत्र्याचं वेगळं शेड करा. माझ्या ओळखीच्या एका फिटरची हत्यारं एका पावसाळ्यात आम्लाच्या वाफेनं गेली, बाटलीचं बूच नीट बसलेलं नव्हतं एवढंच कारण.

प्रतिसाद, नांदेडहून :

१९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, तो तुमच्याकडं आहेच. पण तो पेठेतल्या जागेचा आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं टेबल बघणाऱ्यांना आधी नकाशा दाखवा, मग खोदायला घ्या. खोली, दार, खिडकी याबद्दल पोलिसांचं काही म्हणणं असेल तर ते कागदावरच दुरुस्त करता येतं, भिंत उभी राहिल्यावर फोडावी लागते. जागाबदलाची लेखी परवानगी हातात येईपर्यंत एकही बंदूक, एकही सुटा भाग नव्या जागी न्यायचा नाही. सोबत अकृषिकचं आणि ग्रामपंचायतीच्या ना हरकतीचं काम चालू ठेवा.

शेतीच्या वीजजोडणीवर लेथ चालवू नका, तो अनधिकृत वापर धरतात. वेगळी जोडणी घ्या. थ्री फेज लवकर मिळत नसेल तर दोन एचपीपर्यंतची मोटर सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजची थ्री फेज करून मोटरला देणारं उपकरण) लावून चालते, मोटरच्या वायरी डेल्टा पद्धतीनं जोडून घ्याव्या लागतात.

शेतकऱ्यांचं काम जरूर घ्या, पण मधे भिंत घालून दार वेगळं ठेवा. पंपवाला माणूस बंदुकांच्या खोलीसमोरून जाताच कामा नये. आणि भाऊ, गावाचं नाव किंवा जागेचा फोटो इथं टाकू नका.

मूळ लेखक :

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो टाकणारच होतो, थांबलो.

रात्री अण्णांना सगळं वाचून दाखवलं. पहिल्या पावसाळ्यात बंदुका ठेवायच्या नाहीत हे त्यांना लगेच पटलं. त्यामुळं दिवाळीचा हिशोबच बदलला. सकाळी मालकांकडं जाऊन आलो, पुढच्या होळीपर्यंत थांबायला ते तयार आहेत, भाडं थोडं वाढवून. पाईलचंच ठरवलं. नवी मोटरसायकल घ्यायची होती, ती त्या खर्चापायी राहू देतो. सोमवारी नकाशा घेऊन लातूरला जाणार आहे.

नांदेडच्या दादांनी भिंतीचं सांगितलं त्यावरून नकाशा फिरवला. पंपाचं काम रस्त्याच्या बाजूला, बंदुकांचं काम मागं. मागं उत्तर येत नाही, पण पूर्व-पश्चिम लांबीची मधली भिंत वर काढून, पुढचं छत तीन फूट खाली घेतलं तर त्या तीन फुटांत उत्तरेचा उजेड मिळतो. रस्त्यावरून तिथं हात पोचत नाही. अण्णा म्हणतात उजेड उंचावरून आला तर चालेल, फक्त आडवा गज एकच हवा आणि तो अगदी पातळीत हवा.

आता एवढंच विचारायचंय : अशा वरच्या खिडकीला पावसाची झड आत येऊ नये म्हणून छज्जा किती बाहेर काढावा? जास्त काढला तर उजेड अडतो, कमी काढला तर पाणी थेट अण्णांच्या बाकावर. कुणी अशी खिडकी केली असेल तर माप कळवा.